भिगवणची बोट: फ्लेमिंगो राहू द्या बाजूला, घारींची लूटमार बघायला जा (पण बादलीवाली बोट टाळा)

आधीच सांगून टाकते, ज्यांना फ्लेमिंगोंबरोबर सेल्फीच हवाय त्यांनी हा रिव्ह्यू इथेच सोडला तरी चालेल. फ्लेमिंगो दिसले, भरपूर दिसले, गुलाबी होते, छान होते, झालं. मी लिहायला बसलेय ते वेगळ्याच कारणासाठी. तीन आठवड्यांत दोनदा भिगवणला गेले, दोन वेगळ्या बोटींतून फिरले, पाणी तेच, पक्षी तेच, पैसे पण जवळपास तेवढेच, आणि पहिल्या वेळी डोकं धरून घरी आले तर दुसऱ्या वेळेनंतर आठवडाभर घरात दुसरा विषय नाही. सासरे तर अजून जेवताना पोळीचा तुकडा उचलला की आधी वर बघून घेतात.

रस्ता माहीत नसेल त्यांच्यासाठी पटकन: पुणे-सोलापूर हायवेने साधारण शंभर किलोमीटर. हडपसर जागं व्हायच्या आत, म्हणजे साडेचारला निघायचं, यवत, चौफुला, पाटसचा टोल, कुरकुंभ आलं की काचा वर करायच्या (का ते नाकाला कळेल), की आलं भिगवण. पाणी उजनी धरणाचं, कागदोपत्री नाव यशवंत सागर. भीमेवरचं हे धरण १९८० साली पूर्ण झालं, शेतं, रस्ते, देवळं, गावंच्या गावं पाण्याखाली गेली, पळसदेवचं जुनं देऊळ अजूनही पाणी उतरलं की वर येतं. धरण भरलं की ११७ टीएमसी, आणि "उजनी मायनसमध्ये गेली" ही बातमी आली की सोलापूरकरांच्या पोटात गोळा येतो. आम्हा पक्षी बघणाऱ्यांचं मात्र उलटं (लाज वाटते सांगायला), पाणी जरा उतरलेलं बरं असतं, चिखल उघडा पडतो आणि पक्षी काठाजवळ येतात. कुंभारगाव, डिकसळ अशा गावांतून बोटी सुटतात. भिगवणला लागून तक्रारवाडी नावाचं खरंखुरं गाव आहे, त्यामुळे खालच्या माझ्या तक्रारी तिथल्या हवेचा गुण समजून वाचा.

पहिली फेरी जानेवारीतल्या रविवारची. मी, नवरा आणि नवऱ्याचा भाचा, ज्याने भाड्याने सहाशे एमएमची लेन्स आणलेली, तिच्यासाठी गाडीत वेगळी सीट. बोटवाल्याचं नाव देत नाही, गाव पण सांगत नाही, कारण तो एकटाच असं करत असेल असं नाही. काठावर पोचलो तर जत्रा, एका बोटीत आठ माणसं बसवायचं चाललेलं, लाइफ जॅकेटं होती पण खांबाला टांगलेली, मागितल्यावर एक मिळालं आणि त्याचं बक्कल तुटलेलं. बाराशे रुपये आधी घेतले. मग इंजिन जे सुरू झालं ते तासाभराने परत काठाला लागल्यावरच बंद. फ्लेमिंगोंच्या थव्यात सरळ बोट घातली, म्हणे उडताना फोटो चांगला येतो. अरे पण ते बिचारे खात होते ना, सकाळची त्यांची पण न्याहारीचीच वेळ असते.

आणि मग ती बादली. मला आधी वाटलं बोटीत पाणी शिरतं ते उपसायला असेल. तर तिच्यात होते मेलेले बारके चिलापी मासे आणि कोंबडीची आतडी. "ॲक्शन पायजे का साहेब? दोनशे जादा." भाच्याने माझ्याकडे न बघताच मान हलवली. बोटवाल्याने शीळ घातली, मूठभर माल पाण्यात फेकला आणि कुठून कुठून घारी आल्या, वीस-पंचवीस तरी असतील, बोटीभोवती गरागरा. भाच्याने हजारभर फोटो काढले. सुंदर आलेत, खोटं का बोला, पंख पसरलेली घार, नखात मासा, मागे सोनेरी पाणी. पण मला ते लग्नात फोटोग्राफर "हार परत एकदा घाला" म्हणतो ना तसं वाटत राहिलं. घारी एकमेकींच्या तोंडचं ओढत होत्या, पण ती भांडणं बोटवाल्याने लावलेली होती. त्यात बादली संपेपर्यंत माझ्या सलवारीवर काय काय उडालं ते लिहीत नाही.

दुसऱ्या वेळी फेब्रुवारीतला मंगळवार, सुट्टी काढून. भाचा नाही, लेन्स नाही, आम्ही दोघं आणि सासरे. सासरे एसटीतून कंडक्टर म्हणून रिटायर झाले, पक्ष्यांशी संबंध एवढाच की कबुतरं गॅलरीत येऊ नयेत म्हणून त्यांनी जाळी मारून घेतलीये. काठावरच्या चहाच्या टपरीवर एक साठीकडे झुकलेला माणूस बसलेला, त्याला मी आधीच विचारलं, दादा बादली आहे का हो तुमच्या बोटीत. तो हसला, "बादली नाय ताई माझ्याकडं. नुसतं गप बसायची तयारी आसंल तर चला." हजार रुपये. जॅकेटं चार, चारही धड. इंजिन होतं पण खाडीसारखा जो आतला भाग आहे तिथे पोचल्यावर त्याने ते बंद केलं आणि लांब बांबूने बोट रेटत रेटत बुडालेल्या बाभळींच्या खोडांपासून बऱ्या अंतरावर नेऊन चिखलात रुतवून ठेवली. आणि बसला तंबाखू मळत.

अर्धा तास काहीच झालं नाही. हे पण रिव्ह्यूमध्ये सांगायला हवं, नाहीतर लोक जातील आणि मला शिव्या देतील. अर्धा तास थंडी, धुकं आणि पाणकावळ्यांचा वास. सासऱ्यांनी दोनदा घड्याळ बघितलं.

मग दादांनी नुसती हनुवटी वर केली. एका वाळक्या खोडाच्या टोकावर ऑस्प्रे नावाचा शिकारी पक्षी बसलेला. मराठी पुस्तकांत याला कैकर म्हणतात, पण भिगवणला सगळे ऑस्प्रेच म्हणतात, दादा "वास्प्रे" म्हणत होते. डोकं पांढरं, डोळ्यावरून मागे गेलेली काळपट पट्टी, जणू चोर हाच आहे असा वेश, आणि प्रत्यक्षात आख्ख्या धरणातला सगळ्यात कष्टाळू प्राणी. हिवाळ्यात उत्तरेकडून येतो, मासे सोडून जवळपास काहीच खात नाही. तो उठला, पाण्यावर तीन चकरा मारल्या, एका जागी हवेत पंख मारत थांबला, नेम चुकला असेल म्हणून पुढे सरकला, परत थांबला, आणि मग पाय पुढे काढून असा कोसळला की सासरे "अगं अगं अगं" करत उभे राहायला लागले आणि दादांनी त्यांना खांदा धरून खाली बसवलं.

पूर्ण बुडाला हो. नुसते पंखांचे शेंडे वर. मला वाटलं गेला. मग जड जड पंख मारत वर आला, हवेतच अंग असं झटकलं की कुत्रं आंघोळीनंतर झटकतं तसं, पाण्याचा फवारा उन्हात चमकला, आणि पायात मासा. दुर्बिणीतून स्पष्ट दिसलं, आधी मासा आडवा होता, मग त्याने उडता उडताच पायांची ठेवण बदलून त्याचं तोंड पुढे केलं, एक पाय पुढे एक मागे, म्हणजे वारा कमी अडतो. त्याचं बाहेरचं बोट मागे पण फिरतं, घुबडाचं फिरतं तसं, आणि तळव्याला बारीक काटे असतात म्हणून बुळबुळीत मासा निसटत नाही. हे सगळं मी वाचलेलं होतं. बघताना अंगावर काटा आला ते वेगळं.

आणि आता गंमत. इतका वेळ आजूबाजूच्या खोडांवर, जाळ्याच्या बांबूंवर, घारी बसल्या होत्या. मी त्यांच्याकडे लक्षच दिलं नव्हतं, घार काय, आमच्या बिल्डिंगच्या टाकीवर पण असते. तर या बायका (मला त्या सगळ्या बायकाच वाटल्या, सॉरी) इतका वेळ ऑस्प्रेकडेच बघत होत्या. तो रिकामा फिरत होता तोवर एकीने पंख हलवला नाही. मासा वर आला त्या क्षणी चौघी उठल्या. दोन साध्या घारी, त्यांची शेपटी मागे खाच असलेली, आणि दोन ब्राह्मणी, त्यांची शेपटी गोल. ब्राह्मणीतली एक मोठी, पांढरं डोकं आणि बाकी अंग विटेच्या रंगाचं, दुसरी अजून तपकिरी, म्हणजे लहान वयाची, शिकाऊ उमेदवार.

ऑस्प्रे घारीपेक्षा दणकट असतो. ताकदीने बघाल तर ब्राह्मणी घार त्याच्यासमोर काहीच नाही. पण विचार करा, त्याचं हत्यार म्हणजे पाय, आणि दोन्ही पाय माशात गुंतलेले. दोन्ही हातात भाजीच्या पिशव्या घेऊन जिना चढणाऱ्या माणसाच्या खिशातून पाकीट मारण्यासारखं आहे हे. वर ओलं अंग, वर माशाचं ओझं. घारी हलक्या, शरीराच्या मानाने पंख मोठे, हवेत गर्रकन वळतात. एक वरून दाबायची, दुसरी खालून यायची, शिकाऊ नुसतीच मागे किंचाळत पळायची. ऑस्प्रे डावीकडे झुकला, उजवीकडे झुकला, एकदा तर जवळजवळ उलटा झाला, आमच्या बोटीवरून गेला तेव्हा पंखांचा सूं सूं आवाज आणि माशाची शेपटी अजून हलत होती. "सोडंल. सोडंल आता," दादा म्हणाले. सासरे म्हणाले "नाही सोडणार." लागली दहा रुपयांची.

सोडला. ब्राह्मणीने झेप घेतली आणि तिचं चुकलं, मासा खाली पाण्यावर आपटला, तेवढ्यात खालून साधी घार आली, न भिजता, न थांबता, नुसता पाय बुडवून पाण्याच्या पृष्ठभागावरून मासा टिपला आणि गेली. गेली कसली, आता उरलेल्या तिघी तिच्या मागे. चोरावर मोर म्हणतात ते ऐकून होते, लांडोरींचं आख्खं मोहोळ त्या दिवशी बघितलं. शेवटी तो मासा कोणाच्या पोटात गेला कळलं नाही कारण सगळी वरात डिकसळच्या पुलाकडे गेली. हे सगळं फार तर पाऊण मिनिटात. ऑस्प्रे परत त्याच खोडावर येऊन बसला, पंख झाडले, आणि पुन्हा पाण्याकडे बघायला लागला. सासरे एकदम गप्प. मग म्हणाले, "याने तक्रार कुठे करायची?" म्हटलं, बाबा, तक्रारवाडीला.

आता हा प्रकार का होतो यावर मी घरी येऊन बरंच वाचलं, त्यातलं जे मला पटलं ते सांगते. याला इंग्रजीत क्लेप्टोपॅरासिटिझम असं जिभेला गाठ पाडणारं नाव आहे, म्हणजे चोरी करून जगणं. घार आळशी म्हणून चोरी करते हे अर्धंच खरं. घारीला बुडी मारता येत नाही. ती पाण्याच्या अगदी वर आलेलं, मेलेलं, तरंगणारं तेवढंच उचलू शकते. हातभर खाली असलेली ताजी चिलापी तिच्यासाठी काचेच्या कपाटातल्या मिठाईसारखी, दिसते पण मिळत नाही. ऑस्प्रे ते कपाट उघडतो. मासा मोठा असतो, लांबून दिसतो, तो घेऊन बसायची जागा शोधेपर्यंत बराच वेळ जातो, म्हणजे पाळत ठेवणाऱ्याला सगळंच सोयीचं. आणि ऑस्प्रे लढत का नाही? कारण मासा दुसरा मिळेल, पंख मोडला तर दुसरा मिळणार नाही. हिवाळ्यात त्याला पिल्लं पण नसतात घरी. तोट्याचा हिशोब करून तो सोडून देतो, आणि घारींना पण हे माहितीये.

घारीच्या बाजूने रिव्ह्यू लिहायचा तर: डिलिव्हरी घरपोच, माल ताजा, पॅकिंग नाही, पैसे पण नाहीत, डिलिव्हरी बॉय थोडा ओरडतो, पाच स्टार.

आणि हे फक्त आपल्याकडचं नाही. अमेरिकेचा जो मानाचा पक्षी, तो पांढऱ्या डोक्याचा बाल्ड ईगल, तो पण याच ऑस्प्रेला लुटतो. बेंजामिन फ्रँकलिनने (त्या देशाच्या संस्थापकांपैकी एक) जानेवारी १७८४ मध्ये फ्रान्सहून मुलीला पत्र लिहिलं त्यात याच गोष्टीवरून त्याने गरुडाला धुतलंय, की हा प्राणी सचोटीने पोट भरत नाही, नदीकाठी वाळक्या झाडावर बसून राहतो, मासेमार पक्ष्याने कष्टाने मासा पकडला आणि घरच्यांसाठी न्यायला लागला की मागे लागून हिसकावतो. वाळकं झाड पण तेच बघा, भिगवणसारखंच. तरी १७८२ पासून त्यांच्या राजमुद्रेवर तोच आहे, आणि कायद्याने राष्ट्रीय पक्षी तर त्याला २०२४ च्या डिसेंबरात केलं. आफ्रिकेत फिश ईगल हेच करतो, बगळ्यांच्या आणि खंड्याच्या पण तोंडचं काढून घेतो. आणि गंमत म्हणजे आमच्या कोकणात (माझं माहेर दापोलीकडचं) हीच ब्राह्मणी घार लुटली जाते. तिथे समुद्र गरुड असतो, पंख पसरले की दोन मीटरच्या आसपास, तो घारीच्या मागे लागला की घार मुकाट्याने मासा टाकते. हर्णै बंदरावर लिलावाच्या वेळी टोपल्यांवर झडप घालणाऱ्या घारी मी लहानपणापासून बघितल्यात, त्यांच्यावर पण कोणी दादा आहे हे तेव्हा माहीत नव्हतं. भिगवणला समुद्र गरुड नाही म्हणून ब्राह्मणी घार तिथे दादागिरी करते, एवढाच फरक.

दुसरी लूट आम्हाला चिखलावर बघायला मिळाली, पण लांबून, त्यामुळे थोडक्यात. मार्श हॅरियर, मराठीत दलदली भोवत्या म्हणतात, त्याची मादी एका वारकऱ्याला मारून खात बसलेली. (वारकरी म्हणजे तो काळा, कपाळावर पांढरा टिळा असलेला पाणपक्षी, मी हे वाक्य सासऱ्यांना आधी बोलले तेव्हा ते हादरले होते.) तिच्याभोवती आधी दोन कावळे आले, एकाने शेपटी ओढली, ती वळली की दुसरा तुकडा उचलायचा, मग घार आली आणि सरळ तिच्यासमोर उतरली. हॅरियरने पंख पसरून झाकून घ्यायचा प्रयत्न केला, आपण परीक्षेत पेपर झाकायचो तसा, मग कंटाळून उठून गेली. कावळ्यांना काय मिळालं? घार जेवेपर्यंत वाट बघायची ड्युटी.

आता बादलीचा मुद्दा, कारण मला खरं म्हणजे एवढंच सांगायचं होतं. मी दादांना विचारलं की पहिल्या फेरीत आम्हाला ऑस्प्रे दिसला का नाही, तासभर फिरलो की. त्यांनी जे सांगितलं ते मी त्यांच्याच शब्दात देते: "बादलीच्या बोटीमागं घारी लागत्यात ताई. रोज खायला मिळतंय म्हणल्यावर त्या बोटीसंगंच फिरत्यात. वास्प्रेला ते कळलंय. बोट आली म्हंजे घारी आल्या, घारी आल्या म्हंजे मासा गेला. म्हणून इंजिनाचा आवाज आला की ह्यो उठून लांब जातोय." मी काही पक्षीतज्ज्ञ नाही, आणि हे त्यांचं निरीक्षण आहे, पण तीस वर्षं त्या पाण्यावर जाळं टाकणाऱ्या माणसाचं आहे, आणि माझ्या दोन फेऱ्यांचा अनुभव त्याच्याशी जुळतो. म्हणजे दोनशे रुपये जादा देऊन आपण चोरांची टोळी सोबत घेऊन फिरतो आणि मग ज्याच्या घरी चोरी बघायची तोच घर सोडून जातो. कुरवांना (म्हणजे सीगल) फरसाण टाकणारे पण तसलेच, एका बोटीतून तर कोणीतरी कुरकुरे टाकत होतं, मसाला कुरकुरे, पक्ष्याला!

जेवण. बोटवाल्या दादांच्याच ओळखीच्या घरी, अंगणात सतरंजी टाकून. चिलापी फ्राय, माशाचा पातळ रस्सा, ज्वारीची भाकरी, कांदा, इंद्रायणीचा भात, माणशी अडीचशे. चिलापी म्हणजे तिलापिया, धरणात बेसुमार वाढलाय, पुण्यात मी कधी विकत घेतला नसता, कोकणातली असल्याने गोड्या पाण्यातला मासा म्हटलं की माझं नाक आपोआप वर जातं. पण ती सकाळी धरलेली होती, जाडसर रवा नाही काही नाही, नुसतं लसूण, तिखट, हळद आणि तव्यावर कडक. काटे मोठे आणि मोजके त्यामुळे सासऱ्यांनाही जमली. रस्सा मात्र माझ्यासाठी जरा जास्तच तिखट, डोळ्यातून पाणी, आणि भाकरी शेवटची थोडी वातड होती. स्वच्छतागृह स्वच्छ, पाणी होतं, बायकांसाठी हे सगळ्यात आधी लिहायला हवं होतं खरं तर.

त्या घरच्या आजी अंगणात मासे साफ करत होत्या, पाटावर विळी, डाव्या हाताला टोपली आणि मांडीवर वेताची काठी. काठी कशाला विचारलं तर वर बोट दाखवलं. कौलाच्या कोपऱ्यावर घार. आजी म्हणाल्या की ही त्यांना ओळखते, सून बसली साफ करायला तर खाली येते, त्या बसल्या तर येत नाही, आणि खरंच, आजी हात धुवायला म्हणून उठल्या, चार पावलं गेल्या नसतील, टोपलीवर सावली पडली, काहीतरी फडफडलं आणि एक डोकं गायब. आजींनी शिवी अशी दिली की ती इथे लिहिली तर रिव्ह्यू उडेल. माझ्या हातात फोन होता, कॅमेरा चालू होता, व्हिडिओत फक्त आजीचा पदर आलाय.

कामाच्या गोष्टी, जशा आठवतील तशा. नोव्हेंबर ते मार्च जा, जानेवारी-फेब्रुवारी बेस्ट. रविवार टाळा, टाळाच. सकाळी सातच्या आत बोटीत बसा, दहानंतर पाण्यावरून ऊन डोळ्यात येतं आणि पक्षी पण सुस्तावतात, ऑस्प्रे तर एकदा खाल्लं की तासन् तास खोडावर पुतळा. स्वेटर आणि टोपी दोन्ही घ्या, सात वाजता कुडकुडाल आणि साडेनऊला भाजाल. दुर्बीण आठ बाय बेचाळीसची पुरते, जास्त मोठी घेतली तर बोट हलते तेव्हा सगळं चित्र थरथरतं, ट्रायपॉडवाला स्पॉटिंग स्कोप बोटीत नेणं म्हणजे वेडेपणा, शेजारच्या बोटीत एक काका ते करत होते. लहान मुलांना न्यायचं असेल तर अर्धा तास गप्प बसतील का याचा प्रामाणिक विचार करा. ठरवतानाच विचारा: बादली आहे का, इंजिन बंद करणार का, आणि जॅकेट घालून बघा, खांबावरचं नका बघू. ऑस्प्रे, घार, झटापट हे सगळं दिसेलच याची गॅरंटी कोणी देत असेल तर त्याच्याकडे बादली आहे असं समजा.

स्टार: पहिल्या बोटीला एक, तो पण फक्त बुडाली नाही म्हणून. दुसऱ्या बोटीला साडेचार, अर्धा कापला कारण बसायच्या फळीला खिळा होता आणि नवऱ्याची पँट गेली. जेवणाला चार. त्या दादांचा नंबर सगळेच मागणार, पण त्यांना न विचारता इथे टाकणं बरं नाही, काठावर जाऊन "बादली न ठेवणारे दादा" विचारा, टपरीवाला हसेल पण बोट दाखवेल.

परवा त्यांचाच फोन आला होता, पाणी भराभर उतरतंय, वास्प्रे अजून दोन हायेत, मार्च संपायच्या आत या. येत्या मंगळवारी चाललोय. सासऱ्यांनी दहा रुपये हरल्याचं मनावर घेतलंय, स्वतःच्या पेन्शनमधून दुर्बीण घेतली, आणि दुकानदाराला विचारत होते की यातून शेपटीची खाच दिसते का, कारण यावेळी पैज माशावर नाही, कोणती घार नेणार त्यावर लावायचीये.